लुटीतले कुत्रे

इ. स. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला. तेथे एका इंग्रज कप्तानाला चिमुकले पेकिनीज कुत्रे मिळाले. पुढल्या वर्षी त्याने ते व्हिक्टोरिया राणीला नजर केले आणि त्याचे नाव पडले ‘लूटी’! शब्द आपल्याकडचा, नामकरणातला निर्लज्जपणा मात्र त्यांचा.

इवल्या कुत्र्यांची ही राजेशाही हौस पुढे सामान्यांच्या घरांत शिरली. पण कुत्रे इवले होते कसे? पिढ्यानुपिढ्या लहानाशी लहानाचाच जोड लावून. मग गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका दबते. पिलू थोडा वेळ उपाशी राहिले तरी रक्तातली साखर उतरून त्याला झटके येतात. पिलांचे डोके मोठे, मादीची कंबर अरुंद. पुष्कळदा पोट चिरूनच सुटका करावी लागते. ‘खिशात मावणारे’ म्हणून ज्याला अधिक दाम मिळतो, ते अनेकदा विणीतले सर्वांत दुबळे पिलू असते. याला प्राणिप्रेम म्हणणे मला जड जाते.

१९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याखाली आपल्या सरकारने २०१७ साली श्वानपैदाशीचे नियम केले. आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यास त्यांत मनाई आहे. पिलाची जन्मतारीख वहीत लिहितो मात्र पैदासकारच.