अनाथ मुलांचं शिक्षण १८व्या वर्षी का अडतं? मदत कुठे मिळते?

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि पदवीचे प्रवेश त्यानंतर काही महिन्यांत सुरू होतात. बहुतेक मुलं याच सुमारास १८ वर्षांची होतात. बालगृहात वाढलेल्या मुलाला नेमक्या याच वेळी राहण्याची आणि जेवणाची सोय स्वतः शोधावी लागते, कारण कायद्यानुसार १८ वर्षांपर्यंतच त्याला 'बालक' मानलं जातं.

या मुलांसाठी आरक्षण, फीमाफी आणि दरमहा मदत अशा योजना आहेत. पण त्यातल्या बऱ्याच योजनांचा फायदा हातात योग्य कागद असेल तरच मिळतो. हे कागद कोणते आणि ते कधी काढायचे, ते समजून घेऊ.

ही मुलं नेमकी कुठे वाढतात?

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार आधार नसलेल्या मुलाला बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. मुलाला नातेवाइकांकडे, बालगृहात की दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं, हे ही समिती ठरवते. दत्तक न घेता ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबाने मुलाला सांभाळणं म्हणजे प्रतिपालकत्व, अर्थात फोस्टर केअर. याशिवाय अनेक मुलं आजी, मामा किंवा काकांकडे कोणत्याही सरकारी नोंदीशिवाय वाढत असतात.

शाळेत अडचणी काय येतात?

पहिली अडचण शाळा बदलण्याची. समितीच्या आदेशानुसार मूल वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावी जाऊ शकतं. तिथे अभ्यासक्रम पुढे गेलेला असतो आणि कधी कधी माध्यमही वेगळं असतं. घर तुटल्याचा धक्का ताजा असताना अभ्यासात लक्ष लागणंही सोपं नसतं.

दुसरी अडचण कागदपत्रांची. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, यातला जवळपास प्रत्येक कागद आई-वडिलांच्या कागदांवरून निघतो. ज्याच्याकडे त्यांचे कागदच नाहीत, त्याचा फॉर्म पहिल्याच पानावर अडतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ इथे काही प्रमाणात मदतीला येतो. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश थांबवता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही आहे. मात्र हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. नववी-दहावीपासून पुढे त्याचं संरक्षण संपतं.

तिसरी अडचण निवडीची. पुढे कुठे राहायचं हेच माहीत नसेल, तर मूल चार वर्षांच्या इंजिनिअरिंगऐवजी लवकर कमाई सुरू करून देणारा कोर्स निवडतं. होस्टेल मिळालं तरी दिवाळीत मेस बंद झाल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न राहतोच.

१ टक्का आरक्षण कसं आलं?

गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या अमृता करवंदे यांनी एमपीएससीची परीक्षा दिली होती. अनाथांसाठी वेगळा प्रवर्ग नसल्यामुळे त्यांना खुल्या गटातून स्पर्धा करावी लागली आणि त्यांची संधी हुकली. त्यांनी हा प्रश्न सरकारपुढे मांडला. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं.

एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' असे दोन गट करण्यात आले. त्यामुळे संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथ मुलांचाही यात विचार होतो. जुलै २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या दोन्ही गटांतल्या मुला-मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे.

या दोन्ही सवलतींसाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

दरमहा मदत कोणती मिळते?

• क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना: १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये. एकच पालक गमावलेलं मूलही यासाठी अर्ज करू शकतं.
• मिशन वात्सल्य: प्रायोजकत्व, प्रतिपालकत्व आणि अनुरक्षण यांसाठी दरमहा ४,००० रुपये. प्रायोजकत्वासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतर ठिकाणी ९६,००० रुपये आहे.
• अनुरक्षण सेवा: संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत निवास, शिक्षण किंवा आर्थिक आधार. अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत २३ वर्षांपर्यंत वाढवता येते.

मग मुलं मागे का राहतात?

धावपळ सहसा १८ वर्षं पूर्ण होताना सुरू होते आणि प्रवेशाची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही. म्हणून नववी-दहावीतच आधार कार्ड, बँक खातं, शाळेतल्या नावाची अचूक नोंद आणि अनाथ प्रमाणपत्राचं काम हाती घ्यायला हवं. मूल संस्थेत असेल, तर बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत जपून ठेवावी. अनुरक्षणाबद्दलची चौकशीही वाढदिवसाच्या कित्येक महिने आधी सुरू व्हावी.

तुम्ही काय करू शकता?

शेजारी एखादी आजी नातवंडांना एकटी सांभाळत असेल, तर तिला बालसंगोपन योजनेबद्दल सांगा आणि फॉर्म भरायला मदत करा. संकटातल्या मुलासाठी १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. बालगृहात वाढदिवस साजरा करण्यापेक्षा संस्थेच्या परवानगीने दर आठवड्याला गणित किंवा इंग्रजी शिकवलंत, तर त्याचा उपयोग जास्त काळ टिकेल.

आणि एक काळजी घ्या. बालगृहातल्या मुलांचे फोटो, नाव किंवा शाळा सोशल मीडियावर टाकू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उद्या हेच मूल कॉलेजात जाईल. आपली गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, हे तेव्हा त्याला स्वतः ठरवता यायला हवं.