शिवडीची बाग आणि काचेतली हळद

शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी आपल्यापैकी बहुतेकांनी बाहेरून, बसच्या खिडकीतूनच पाहिलेली असते. ती १८६५ सालची. आर्थर क्रॉफर्ड (हो, आपल्या क्रॉफर्ड मार्केटवालेच) म्युनिसिपल कमिशनर असताना झालेली. पण त्याआधी त्या जागेवर चक्क बोटॅनिकल गार्डन होतं! १८३० साली मुंबईत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची मंडळी एकत्र आली, त्यांची ही बाग. तेव्हा गिरणगावाचं नावही नव्हतं. मुंबईतली पहिली कापडगिरणी निघायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती.

या बागेची देखरेख करायचा जॉन ग्रॅहम नावाचा एक स्कॉटिश माणूस. पेशाने टपाल खात्यातला, मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. टपालाचं काम सांभाळून त्याने मुंबई आणि आसपासच्या झाडांची एक यादी केली. पुस्तक छापून होत होतं आणि १८३९ मध्ये हा माणूस खंडाळ्याला वारला. वय अवघं चौतीस. राहिलेली पानं जोसेफ निम्मो या त्याच्या मित्राने पुरी केली आणि त्याच वर्षी पुस्तक बाहेर आलं.

या पुस्तकात आलं-हळदीच्या कुळातली आपली रानटी भावंडं आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर पावसाळ्यात केळीच्या रोपासारखा दिसणारा चवर फुलतो. कंदापासून आरारूट करायचे तोच. त्याला शास्त्रीय नाव दिलं ग्रॅहमने. एका रानहळदीलाही त्यानेच दिलं. आजही वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन्ही नावांपुढे 'जे. ग्रॅहम' लिहितात. चवर हे नाव मात्र त्याच्या आधीपासून डोंगरातल्या माणसांच्या तोंडी होतं. ते पहिल्यांदा कोणी म्हटलं त्याची सही कुठेच नाही.

आता गंमत बघा. ग्रॅहमला चवर पाहायचा तर घाट चढला की झालं. युरोपातल्या विद्वानांची मात्र पंचाईत होती. साधारण कुठलंही फूल कागदात दाबून, वाळवून बोटीने पाठवता येतं. पण या कुळाची फुलं म्हणजे नुसतं पाणी! सोनटक्क्याचं फूल वहीत दाबून बघा, दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग उरतो. पाकळी कुठली, पुंकेसर कुठला, काही कळत नाही. म्हणजे या झाडांचा अभ्यास करायचा तर ती जिवंतच हवीत. आणि इंग्लंडात जिवंत ठेवायची तर काचघरात, शेकोटी पेटवून.

हे मनावर घेतलं लिव्हरपूलच्या विल्यम रॉस्कोने. वकील, मग बँकवाला, कविता करणारा. थोडं विषयांतर करतो, कारण हा माणूस मला आवडतो. लिव्हरपूल गुलामांच्या व्यापारावर गब्बर झालेलं शहर, आणि त्याच शहराचा खासदार असून रॉस्कोने १८०७ मध्ये तो व्यापार बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. परत आल्यावर गावकऱ्यांनी त्याचं काय 'स्वागत' केलं असेल ते सांगायला नकोच. त्याने लिव्हरपुलात बोटॅनिकल गार्डन काढायला पुढाकार घेतला होता. तिथल्या काचघरात वाढवलेल्या आलं-हळद-कर्दळ मंडळींवर त्याने १८२० च्या दशकात शंभरावर रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला. झाडं यायची बंगालमधून, कलकत्त्याच्या कंपनीच्या बागेतून आणि सेरामपूरच्या विल्यम कॅरीकडून. हा तोच कॅरी, ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं!

या झाडांचा प्रवास तसा सोपा, कारण हळदीचा गड्डा हिवाळ्यात झोपतो. झोपलेला गड्डा बोटीवर पाणी मागत नाही, उजेड मागत नाही. खरा प्रश्न पोचल्यावर. तिकडच्या उन्हाळ्यात उजेड भरपूर असतो, दिवसही लांबलचक, पण मातीत ऊब नसते, आणि कोंब फुटायला आधी मातीत ऊब लागते. म्हणून जुन्या काचघरांत कातडी कमावून उरलेली ओकची साल खड्ड्यात भरायचे. ती कुजताना तापते, त्या उबेत कुंड्या पुरायच्या. पुढे गरम पाण्याचे नळ आले. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि मग काचघरं श्रीमंतांच्या बागेतून हळूहळू मध्यमवर्गाच्या परसात आली.

ही 'झोप' कुठल्याही ग्रंथाशिवाय माझ्या आईला पाठ. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत तेलाच्या दोन डब्यांत हळद असायची, तिसऱ्यात सोनटक्का. रोहिणी-मृगाच्या सुमाराला गड्डे लावायचे, गौरीगणपतीपर्यंत पातोळ्यांपुरती पानं तयार. दिवाळी उलटली की पानं पिवळी पडायची आणि आई पाणी तोडायची. शेजारच्या काकू हळहळत, "अहो, मेलं की झाड!" आई म्हणायची, "मेलं नाही, निजलंय. उठवू नका." सोनटक्क्याला मात्र हा नियम नाही. तो मूळचा हिमालयाच्या पायथ्याकडचा, ओल्या जागेतला, त्याचा डबा कधी कोरडा पडू द्यायचा नाही. ज्या दांड्याला फूल येऊन गेलं त्याला पुन्हा येत नाही, तो मुळाशी कापायचा.

माझी आतेबहीण लीड्सला असते. तिच्या घरामागे काचेची खोली आहे, तिकडे तिला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. तिने मामीची ही विद्या तिथे नेली, फक्त सगळं वेळापत्रक उलटंपालटं करून. देशी दुकानातली ओली हळद फेब्रुवारीत आणते आणि बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी अंधारात ठेवते. रॉस्कोची ओकची साल म्हणजे आता हे कपाट! कोंब दिसला की कुंडी, मे महिन्यात काचेच्या खोलीत. गौरींपर्यंत पानं होतात. गेल्या वर्षी अकरा पातोळे झाले, फोटो सगळ्या नातेवाइकांना पोचलेच आहेत. सोनटक्का फुलतो तो अगदी ऑक्टोबरात. बाहेर थंडी पडू लागलेली, आणि आत दिवेलागणीला तो वास.

हाच सोनटक्का क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे, आणि हवाई बेटांवर रान माजवतो म्हणून तण. असो, त्याच्या कर्तबगारीवर वेगळं लिहायला हवं.

शिवडीच्या बागेचं पुढे काय झालं ते राहिलंच. दफनभूमीसाठी जागा गेली, सोसायटीने भायखळ्याला नवी बाग उभारली, ती १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअरच्या हस्ते उघडली. व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग. सोसायटी १८७३ मध्ये संपली आणि बाग म्युनिसिपालटीकडे आली. याच बागेत २०१६ साली पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी लोकांना बघायला मिळाले, काचेमागे, यंत्राच्या गारव्यात. तिकडे आपल्या हळदीसाठी कोळसा जाळत होते, इकडे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यासाठी वीज जाळतो. मला यात कोणाला हसावं ते ठरवता येत नाही.

आणि आता काचघर आमच्याच घरात आलंय. चाळ पुनर्विकासाला गेली, आई लालबागच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहते. गॅलरी नाही. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. उघडली तर वारा रोपं मोडतो, बंद ठेवली तर दुपारी भट्टी. तेलाचे डबे फ्लॅटमध्ये शोभत नाहीत म्हणून कुंड्या आल्या. सत्तर वर्षं ज्या बाईने पावसाच्या भरवशावर झाडं वाढवली, तिला इथे पाऊस काचेपलीकडे दिसतो, हाताला लागत नाही. पहिल्या वर्षी सोनटक्क्याच्या पानांच्या कडा करपल्या आणि कळी आलीच नाही. आई दोन दिवस गप्प होती.

मग तिने लीड्सला फोन लावला. पाऊण तास बोलणं चाललं, स्पीकरवर. "मामी, काचेपासून चार फूट आत घे. दुपारी पांढरा पडदा सोड. परातीत खडे घाल, त्यात पाणी, त्यावर कुंडी, पण कुंडीचं बूड पाण्यात बुडवू नकोस. एसीचा झोत अंगावर नको. आणि उन्हं उतरली की खिडकी टीचभर उघड."

आईने सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि तुझी हळद निजली का गं?"

"निजली मामी. पंधरा दिवस झाले."

"मग आता उठवू नकोस हो."