बांधावरची दोन मिनिटं

भावानं मोजणीचा अर्ज टाकलाय. बांध दोन हात तुमच्याकडं सरकलाय की त्याच्याकडं, एवढाच प्रश्न. पण तुमची झोप उडालीय आणि तीन महिने झाले, एकमेकांच्या घरचं पाणी बंद. तर पाथरीजवळच्या त्याच बांधावर उभे राहा आणि मागं चला. सोयाबीन जाऊ द्या, डांबरी सडक जाऊ द्या, मनमाडची रेल्वेही जाऊ द्या; ती अजून परभणीपर्यंत आलेलीच नाही. शनिवार, २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या. मुलूख निजामाचा. शाळू हुरड्यावर आलाय.

एक वाजायला आलाय. सूर्य वर असताना उजेड मात्र दिवेलागणीचा. लिंबाखाली बघा, कवडसे गोल राहिले नाहीत, विळ्यांसारखे झालेत. गोदावरीत माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी आहेत. गावातून आरोळी येते, ‘दे दान, सुटे गिराण!’

नैर्ऋत्येकडून अंधार येतो. पावसाचा येतो तसाच, फक्त गडगडाट नाही. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर, जेऊरला पुण्याचे नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल दुर्बिणी लावून बसलेत. त्यांच्या डोक्यावरून निघालेली, सुमारे ८० किलोमीटर रुंदीची चंद्राची सावली काही मिनिटांतच तुमच्या बांधावर येते.

आणि दिवस विझतो. सूर्याच्या जागी काळी वाटोळी चकती, भोवती पांढरी झुलपं, उजव्या अंगाला ठसठशीत शुक्र. कावळे बाभळीवर जाऊन बसले. बैलाच्या तोंडात कडब्याचं धाट तसंच राहिलंय. शेजारचा म्हातारा पागोटं काढून उभा. त्याचंही कुणाशी तरी बांधावरून वाकडं असणारच. आपल्याकडं ती काही आजची गोष्ट नाही. पण आत्ता त्याला विचारलंत, तर स्वतःचं शेत कुठल्या अंगाला ते तरी सांगता येईल का, शंकाच आहे. तुम्हीही आठवून बघा, अर्जाचा नंबर काय होता?

चकतीच्या कडेला उजेडाचा एक मणी फुटतो. कोंबडा आरवतो. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील. लोक बुड्या मारतात, म्हातारा पागोटं गुंडाळायला लागतो. बांध होता तिथंच आहे, दोन हातांच्या भांडणासकट.

१८९८ नंतर आजवर पाथरीवर खग्रास सूर्यग्रहणाची सावली पडलेली नाही. मोजणीवाले मात्र सोमवारी येतायत.