एका महिन्याचे जग : सप्टेंबर १९३२

१२ सप्टेंबर १९३२ रोजी बर्लिनमध्ये फॉन पापेन यांनी राइशस्टाग विसर्जित केली. तिकडे पूर्वेस १५ तारखेला जपानने मांचुरियात स्वतःच उभ्या केलेल्या मांचुकुओ राज्यास मान्यता दिली. बळ असेल त्याने निकाल लावावा, असाच तो महिना होता. पुण्यात मात्र घासाघीस चालली होती.

मुख्य प्रधान मॅक्डोनल्ड यांनी ऑगस्टमधील जातीय निवाड्याने अस्पृश्य गणलेल्या वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० तारखेस येरवड्याच्या तुरुंगात आमरण उपोषण आरंभिले. डॉ. आंबेडकरांपुढे पेच विलक्षण होता : मिळालेला हक्क सोडावा, की एका महापुरुषाच्या मृत्यूचा दोष आपल्या दुबळ्या समाजाच्या माथी येऊ द्यावा? तरीही त्यांनी पुरते मोल वसूल केले. ७१ च्या ठिकाणी १४८ राखीव जागा ठरल्या. मतदारसंघ संयुक्त, पण प्रत्येक जागेचे चार उमेदवार प्रथम त्या वर्गाच्या मतदारांनीच निवडावयाचे.

शनिवारी, २४ तारखेस, सह्या झाल्या. सवर्णांतर्फे मालवीयजींची सही आहे, गांधीजींची नाही. सह्या करणाऱ्यांत पाळवणकर बाळूही होते. हेच ते नामांकित गोलंदाज, ज्यांना पुण्यात हिंदू संघाकडून खेळतानाही चहा वेगळ्या भांड्यातून मिळे!

सोमवारी सरकारची मान्यता आली आणि सायंकाळी रवींद्रनाथांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. हा खुशीचा सौदा होता, असे मला वाटत नाही. १९४५ च्या आपल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनीच त्याची कठोर झडती घेतली.