उदारांचे राज्य आणि मंडालेची वाट

मंचरच्या आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाला एका मुलाने मला अडवले. "गुरुजी, टिळकांना मंडालेला धाडले तेव्हा विलायतेत राज्य कुणाचे होते?" मी म्हणालो, "उदारमतवाद्यांचे." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. गोखल्यांची आठवण झाली.

1906 च्या आरंभी विलायतेत निवडणूक झाली. 670 पैकी सुमारे 400 जागा लिबरल पक्षाने जिंकल्या. महिन्यापूर्वीपर्यंत पंतप्रधान असलेले बाल्फोर खुद्द मँचेस्टरात आपटले! हिंदुस्थानचे मंत्रिपद होते जॉन मोर्ले यांच्याकडे. मिलचे शिष्य, ग्लॅडस्टनचे चरित्रकार. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे शिकवलेल्या गोखल्यांनी अशा माणसावर भरवसा ठेवला, यात नवल ते काय? आम्हा मास्तर मंडळींची ती खोडच आहे. ज्याची पुस्तके चांगली, तो माणूसही चांगला धरून चालायचे. त्याच वर्षी गोखले लंडनला जाऊन मोर्लेसाहेबांना भेटले.

पण वंगभंग ही आता होऊन गेलेली गोष्ट, असे साहेबांनी पार्लमेंटात सांगून टाकले. 1907 साली लाला लजपतराय चौकशीवाचून हद्दपार झाले. 22 जुलै 1908 रोजी 'केसरी'तील लेखांपायी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. खटला मुंबई सरकारचा, मोर्ल्यांना तो फारसा रुचला नव्हता म्हणतात. असेल, पण नुसत्या नापसंतीने तुरुंगाचे दार उघडत नाही. 1909 च्या सुधारणांनी कौन्सिले वाढवली आणि विभक्त मतदारसंघही आणले.

घरी मात्र याच सरकारने 1908 साली म्हाताऱ्यांना पेन्शन आणि 1911 साली कामगारांना विमा दिला. तो वारसा खरा, आणि मोठा. पण 1906 साली ज्या मजूर पक्षाला समजुतीने जागा सोडल्या, त्यानेच पुढे उदारांची जागा घेतली. स्वबळावर बहुमत त्यांना पुन्हा कधीच लाभले नाही. 1924 साली अवघ्या 40 जागा उरल्या.

"मग गोखले फसले म्हणायचे?" मुलगा काही सोडीना.

मी त्याला फेब्रुवारी 1915 ची हकीकत सांगितली. गोखले वारल्याचे कळताच, मंडालेहून सुटून आठच महिने झालेले टिळक सिंहगडावरून खाली उतरले, आणि पुण्याच्या स्मशानात आपल्या त्या जन्माच्या प्रतिपक्ष्याविषयी सर्वांसमक्ष आदराने बोलले.