वीरगळांवरील परलोक

मृत्यूनंतर काय, हा प्रश्न निघाला की सुशिक्षितांचे लक्ष प्रथम प्राचीन मिसर देशाकडे वळते. ह्यात वावगे काही नाही. परंतु बेळगाव-निपाणीच्या परिसरात राहणाऱ्या आम्हां शिक्षकांच्या गावकुसाजवळच ह्या प्रश्नाचे एक जुने उत्तर दगडात कोरलेले उभे आहे, आणि त्याच्यावरून आम्ही रोज जा-ये करतो. ते उत्तर म्हणजे वीरगळ. ह्या दोन उत्तरांची तुलना बोधप्रद होईल असे आम्हांस वाटते.

देह टिकला तरच आत्म्यास आसरा, अशी मिसरी लोकांची श्रद्धा होती. म्हणून सत्तर दिवसांचे संस्कार करून ते प्रेत टिकवीत. मेंदू काढून टाकीत, हृदय मात्र देहातच राखीत; कारण ओसायरिसच्या न्यायसभेत तेच तराजूत पडावयाचे असे. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस. थोथ हा देव निकाल लिहून घेई. येथे आपल्या चित्रगुप्ताची आठवण कोणासही व्हावी. हृदय पापाने जड ठरले तर अम्मित नावाची राक्षसी ते गिळून टाकी. इ. स. पू. १२५० च्या सुमारास आनी नावाच्या लेखनिकासाठी तयार केलेल्या पपायरसावर हा सारा प्रसंग रंगविलेला आहे.

आता आपला वीरगळ पाहू. तो खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या चौकटीत लढाई असते. पुष्कळदा पायाशी गाईंची रांग दिसते. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला हाताला धरून किंवा विमानात बसवून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तोच वीर कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. जैन वीर असेल तर लिंगाच्या जागी क्वचित जिनमूर्ती आढळते. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य: हे आकाशात आहेत तोवर ही कीर्ती टिको, असा त्यांचा अर्थ.

ह्या साऱ्या प्रवासात तराजू कोठेही नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. ज्या परंपरेने चित्रगुप्ताची वही कल्पिली, तिनेच वीराला त्या वहीतून सूट दिली. गावची गुरे शत्रूने वळवून नेली असता जो ती सोडविताना पडला, त्याचा हिशेब त्या एका कृत्याने मिटला, अशी ही श्रद्धा आहे. जुन्या कन्नड लेखांत अशा लढाईला ‘तुरुगोळ’ म्हणतात. मिसरी माणसाने देह राखला. आपल्या माणसाने देह अग्नीला दिला आणि कृत्य तेवढे दगडात राखले.

ह्या श्रद्धेला व्यवहाराचीही जोड होती. पडलेल्या वीराच्या कुटुंबास जमीन देण्याची चाल होती. कन्नडात तिला ‘नेत्तरुगोडगे’, म्हणजे रक्ताबद्दलचे दान, असे नाव आहे. हा मान राजांपुरता नव्हता. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकात, रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचेही स्मारक लेखासह उभारले गेले. मिसरातील थाटाचे अंत्यसंस्कार ऐपतीवर अवलंबून असत. येथे गुराख्यालाही कैलास मोकळा होता.

तथापि सतीशिळेपुढे आमची लेखणी अडखळते. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला तो हात पुण्याची ग्वाही देतो. ती स्त्री स्वेच्छेने चितेवर चढली की नाही, हे मात्र दगड सांगत नाही. वीराचे मरण आणि तिचे मरण एकाच मापाने मोजणे इतिहासाला शोभणारे नाही.

ह्याच भूमीत मृत्यूला सामोरे जाण्याची आणखीही एक रीत आहे. सल्लेखना घेऊन देह ठेवणाऱ्या जैनांच्या स्मरणार्थ निषिधी-शिळा उभारीत. ती परंपरा केवळ दगडांत उरलेली नाही: निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखनेनेच देह ठेवला.

‘वीरगळ’ हा शब्दच कन्नड ‘वीरगल्लु’वरून मराठीत आला; ‘कल्लु’ म्हणजे दगड. आज मराठी बोलणाऱ्या कित्येक गावांतील जुन्या शिळांवरील अक्षरे कन्नड आहेत. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्याच्या कित्येक शतके आधी हे दगड रोवले गेले. म्हणून त्यांचे वाचन एका भाषेच्या शिक्षकाने एकट्याने करण्यासारखे नाही.

आज ह्यांतील कित्येक दगड शेंदराने आणि तैलरंगाने बुजले आहेत. काही पायरीला वा बांधाला लागले आहेत. शाळांनी एवढे तरी करावे: मराठी व कन्नड शिक्षकांनी मिळून मुलांना घेऊन जावे, प्रत्येक चौकटीचे वर्णन, मोजमाप व जागा वहीत नोंदवावी, दगडास रंग लावू नये, हलवू नये. ज्याने गावासाठी प्राण दिले, त्याची अक्षरे वाचता येण्याजोगी ठेवणे, हे त्या गावाचे देणे आहे.