कोळसा, वीज आणि पोफरण

मंडळी, मागच्या आठवड्यात पुतणीचा लक्झेंबर्गहून फोन आला. "काका, आम्ही जेवायला जर्मनीत जातो आणि येताना फ्रान्समध्ये बाजार करतो. कोणी अडवत नाही!" माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. हे सुरू कसे झाले, असे विचारले तर तिला सांगता येईना. तिच्यासाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठीही, हे टिपण.

9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी एक कल्पना मांडली. ज्यापासून तोफा बनतात तो कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती द्यावे. 18 एप्रिल 1951 ला फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी पॅरिसला सह्या केल्या. मंडळाची कचेरी लक्झेंबर्गलाच होती.

वर्गात मी इथेच थांबत असे, कारण परीक्षेला एवढेच येई. करारातला खरा महत्त्वाचा भाग निवृत्तीनंतर वाचला. बाजार एक झाला की जुन्या, तोट्यातल्या खाणी बंद पडणार, हे त्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर आकार बसवला. त्यातून काम गेलेल्या कामगारांना नवे काम शिकायला, बिऱ्हाड हलवायला मदत देण्याची तरतूद केली. सगळे सुरळीत झाले असे नाही. 1959 मध्ये बेल्जियममधल्या बोरिनाज भागातल्या खाणकामगारांनी खाणी बंद करण्याविरुद्ध मोठा संप केला. पण ज्याचे नुकसान होणार त्याचे नाव हिशेबाच्या वहीत पहिल्यापासून होते.

आता आपल्या दाराशी येऊ. 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. आपल्या ठाणे जिल्ह्यातला उंबरगावचा बराचसा भाग तिकडे गेला. कितीतरी घरांची सोयरीक दोन राज्यांत विभागली गेली. तरीही 1969 मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांची वीज दोन्ही राज्यांना सारखी वाटून द्यायचे ठरले. काल भांडलेल्या भावांनी एका विहिरीवर पाणी भरावे, तसेच हे झाले. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

2005 आणि 2006 मध्ये आणखी दोन मोठ्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांची वीज मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोव्यापर्यंत जाते. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच सुमारास राज्यभर भारनियमन होते. मेणबत्तीच्या उजेडात वह्या तपासताना मला हसू यायचे, पण ते फार टिकायचे नाही.

पोफरणचा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी बोईसर स्टेशनवर भेटला. वाकून नमस्कार केला. मी विचारले, "बरं आहे ना रे?" म्हणाला, "घर आहे, सर. पण बाबांची होडी दारापासून दिसायची. आता समुद्रावर जायचं तर रिक्षा करावी लागते."

मी काय बोलणार? गाडी आली, तो गेला.

राज्याराज्यांनी, देशादेशांनी एकत्र यावे हे मी चाळीस वर्षे शिकवले, आणि आजही तेच सांगेन. फक्त एक भर घालीन. वाटणी करायला बसताना सभासदांची यादी राज्यांच्या नावांवर संपवू नये. ज्याच्या जमिनीवर खांब उभा राहतो त्याचेही नाव त्यात असावे, आणि तेही पहिल्या बैठकीपासून. नंतर कोर्टात जाऊन मिळालेला हिस्सा उशिराचा असतो, आणि तोवर होडी विकलेली असते.

असो. पुतणीला हे वाचायला पाठवतो आहे. तुमच्या गावाजवळ असे काही घडले असेल तर जरूर कळवा.